चौथ्या ओळीत किती स्पेस? नेस्टेड लूपने आकृत्या छापायला शिकताना

लॅपटॉप जरा बाजूला ठेवा आणि गणिताची चौकटीची वही काढा. पेन्सिल आणि खोडरबरही लागेल. पहिला अर्धा तास त्यांचाच आहे.

मी हे सगळं उलट्या क्रमाने शिकलो. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मी चौदा पॅटर्न पाठ केले होते. सकाळी स्लिप उचलली तर त्यावर पंधरावा: उलटा त्रिकोण, उजवीकडे टेकलेला. पाठ केलेल्या तीन प्रोग्रॅमचे तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. स्क्रीनवर तारे सांडल्यासारखे पडले. परीक्षकांनी कोडकडे पाहिलंसुद्धा नाही. "चौथ्या ओळीत किती स्पेस हव्यात?" एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही. कोड येत नव्हता हे त्या मानाने किरकोळ होतं. मला काय छापायचं आहे तेच मी मोजलं नव्हतं.

हा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे. साधा फॉर लूप आणि प्रिंट तुम्हाला येतं असं धरून चालतो.

कोड पायथनचा आहे, पण मोठ्याने वाचता यावा म्हणून सगळा देवनागरीत लिहिलाय. तुम्ही टाइप कराल तेव्हा फॉर, इन, रेंज, प्रिंट, एंड, इफ, एल्स, ऑर असे पायथनचे स्वतःचे शब्द आणि सगळे आकडे नेहमीच्या रोमन कळफलकानेच टाका. 'ओळ', 'तारा' अशी व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात, बिनधास्त ठेवा. आकड्यांची गंमत अशी की कोडमध्ये देवनागरी ५ लिहिला तर पायथन लगेच चूक दाखवतो. पण वापरणाऱ्याने इनपुट म्हणून तोच ५ दिला आणि तुम्ही तो मजकुराचा आकडा करणाऱ्या 'इंट'मधून काढला, तर मुकाट्याने पाच समजतो.

## आधी पाढे म्हणा

लूपच्या आत लूप म्हणजे काय, हे तुम्हाला दुसरीपासून माहीत आहे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, असं करत बे दाहे वीस. मग एक श्वास, आणि तीन एके तीन. कितीचा पाढा चाललाय हे बाहेरचा लूप सांभाळतो. एके, दुणे, त्रिक, चोक हा आतला. तीनचा पाढा सुरू करताना आपण मागच्या 'दाहे'च्या पुढे जात नाही, पुन्हा एकेपासून सुरुवात करतो. नवशिक्यांचं पाऊल नेमकं इथेच घसरतं. आतला लूप संपला म्हणजे कायमचा संपला असं वाटतं. तसं नाही. बाहेरच्या लूपची प्रत्येक फेरी आली की तो पहिल्यापासून सगळा चालतो.

```
फॉर पाढा इन रेंज(२, ६):
    फॉर पट इन रेंज(१, ११):
        प्रिंट(पाढा * पट, एंड=" ")
    प्रिंट()
```

रेंज(२, ६) मधला ६ दारातच थांबतो, आत येत नाही. म्हणून पाढे दोन ते पाचपर्यंतचेच येतात, आणि पट एक ते दहा. आतलं प्रिंट चार पाढे गुणिले दहा, म्हणजे ४० वेळा चालतं. शेवटचं रिकामं प्रिंट फक्त ४ वेळा. दोन पाढ्यांमधला श्वास म्हणजे ते रिकामं प्रिंट.

एंड=" " चं काम काय? पायथनचं प्रिंट स्वभावतः छापून झालं की खालच्या ओळीवर जातं. एंड दिलं की ते म्हणतं, बरं, खाली नको, फक्त एक स्पेस सोडतो.

## रिकाम्या प्रिंटची जागा

आता ४ ओळी, प्रत्येकीत ६ तारे. आयत.

```
फॉर ओळ इन रेंज(१, ५):
    फॉर तारा इन रेंज(१, ७):
        प्रिंट("*", एंड="")
    प्रिंट()
```

हे चाललं की मुद्दाम बिघडवा. रिकामं प्रिंट आणखी आत सरकवा, आतल्या लूपच्या पोटात. २४ तारे एकाखाली एक, सुतळीला बांधल्यासारखे लटकतील. मग तेच प्रिंट अगदी डावीकडे, दोन्ही लूपच्या बाहेर आणा. २४ तारे एकाच ओळीत. पुढे कधीही यातलं एक लक्षण दिसलं तर बाकी कोड तपासत बसू नका, आधी रिकाम्या प्रिंटचं इंडेंटेशन पाहा.

पायथनमध्ये "*" * ६ लिहून सहा तारे एका दमात मिळतात, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. खरं आहे, नोकरीत मीही तेच लिहीन. शिकताना मात्र त्याने आतला लूपच नाहीसा होतो, आणि आपण इथे त्याच्यासाठीच आलो आहोत.

## तक्ता

इथून पुढे प्रत्येक आकृतीला तीन पायऱ्या. चौकटीच्या वहीत आकृती काढा, एका चौकोनात एक चिन्ह. शेजारी तक्ता करा: ओळ क्रमांक, त्या ओळीत काय काय आहे, आणि किती. मग त्या संख्यांचं ओळ क्रमांकाशी नातं शोधा. कोड चौथा.

डावीकडे टेकलेला साधा त्रिकोण घ्या. ओळ १ मध्ये १ तारा, २ मध्ये २, ५ मध्ये ५. तारे = ओळ. आतल्या लूपची हद्द आता ठरावीक आकडा राहत नाही, बाहेरचा लूप जिथे आहे त्यावर ठरते.

```
फॉर ओळ इन रेंज(१, ६):
    फॉर तारा इन रेंज(१, ओळ + १):
        प्रिंट("*", एंड="")
    प्रिंट()
```

'ओळ + १' मधला + १ विसरलात तर पहिली ओळ रिकामी जाते आणि त्रिकोण चार ताऱ्यांवरच थांबतो. कारण तेच, रेंजची वरची हद्द दारात थांबते.

आता माझी ती स्लिप. उजवीकडे टेकलेला उलटा त्रिकोण:

```
*****
 ****
  ***
   **
    *
```

डावीकडची रिकामी जागा आपल्याला 'काहीच नाही' अशी दिसते. संगणकाला तसं कळत नाही. ती कुणीतरी छापावी लागते, एकेक स्पेस करून. म्हणून या ओळीत दोन गोष्टी आहेत, आणि तक्त्यात दोन रकाने:

```
ओळ   स्पेस   तारे
१      ०      ५
२      १      ४
३      २      ३
४      ३      २
५      ४      १
```

नातं शोधायची एक रीत आहे, अंदाजाने आकडे घालून पाहण्यापेक्षा कितीतरी बरी. ओळ एकने वाढली की रकान्यातली संख्या कितीने बदलते? तो झाला गुणक. मग पहिल्या ओळीवर बसवून पाहा, जे कमी पडेल ते मिळवा, जास्त होईल ते वजा करा. स्पेस एकेकाने वाढतात, म्हणजे १ × ओळ. पहिल्या ओळीला हे १ देतं, हवं ०. म्हणून स्पेस = ओळ − १. तारे एकेकाने घटतात, म्हणजे −१ × ओळ. पहिल्या ओळीला हे −१ देतं, हवेत ५, सहा कमी पडतात. तारे = ६ − ओळ.

घटत्या रकान्याला एक जवळचा रस्ताही आहे: ओळ आणि तारे यांची बेरीज करा. १ + ५, २ + ४, ३ + ३. सगळीकडे ६. बेरीज कायम असेल तर त्या बेरजेतून ओळ वजा केली की झालं.

```
फॉर ओळ इन रेंज(१, ६):
    फॉर जागा इन रेंज(१, ओळ):
        प्रिंट(" ", एंड="")
    फॉर तारा इन रेंज(१, ७ - ओळ):
        प्रिंट("*", एंड="")
    प्रिंट()
```

बाहेर एक लूप, आत एकामागून एक दोन. हे दोन शेजारी आहेत, एक दुसऱ्याच्या पोटात नाही. स्पेसचा लूप रेंज(१, ओळ), म्हणजे ओळ − १ वेळा. ताऱ्यांचा रेंज(१, ७ − ओळ), म्हणजे ६ − ओळ वेळा. चौथ्या ओळीत तीन स्पेस. इतकंच होतं.

स्पेस दिसत नाहीत ही खरी अडचण आहे, म्हणून शिकताना " " च्या जागी "." छापा. आकृती कुठे चळली ते ठिपके लगेच दाखवतात. बरोबर आली की ठिपक्यांच्या जागी पुन्हा स्पेस. हा उपाय मला फार उशिरा सुचला.

## पिरॅमिड

```
....*
...***
..*****
.*******
*********
```

तक्ता स्वतः करा, मी फक्त नातं सांगतो. स्पेस ४, ३, २, १, ०. ओळीशी बेरीज प्रत्येक वेळी ५, म्हणून ५ − ओळ. तारे १, ३, ५, ७, ९. दोन-दोनने वाढतात, म्हणून २ × ओळ. पहिल्या ओळीला २ येतात, हवा १. तारे = २ × ओळ − १.

उजवीकडच्या स्पेस छापायच्या का, असा प्रश्न हमखास येतो. नाही. ताऱ्यांनंतर ओळीत काही उरत नाही, सरळ खाली जा.

## आईची वही

सुट्टीत घरी आईची रांगोळीची वही चाळत होतो. प्रत्येक नक्षीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: ९ ते ५. ११ ते ६. १५ ते ८. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला एवढं पुरतं. गेरूने सारवलेल्या चौकोनात मधली ओळ ९ ठिपक्यांची, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी, ५ आले की थांबायचं. आणि प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध सुरू होते. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद वापरणारे हा हिशोब करत नाहीत. हाताने ठिपके टाकणारी आई मात्र ओळ क्रमांक आणि ठिपक्यांची संख्या एकाच वेळी डोक्यात ठेवायची. मी पाठ केलेल्या चौदा पॅटर्नपेक्षा त्या 'नऊ ते पाच'मध्ये जास्त प्रोग्रॅमिंग होतं.

चला, तीच छापू. ओळी किती? ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५. नऊ ओळी. अडचण अशी की पाचव्या ओळीपर्यंत संख्या वाढते, मग घटते. आतापर्यंतचं एकच नातं इथे पुरणार नाही. पुष्कळ जण वरचा भाग एका लूपने आणि खालचा दुसऱ्याने छापतात. चालतं. पण मधली ओळ दोनदा छापली जाते, आणि 'हिऱ्याला कंबरपट्टा का आला' म्हणत मुलं हैराण होतात. तसं झालं तर खालचा भाग एका ओळीने पुढे सुरू करा.

त्याहून सुंदर रीत म्हणजे ओळ क्रमांकाऐवजी मधल्या ओळीपासूनचं अंतर मोजणं.

```
ओळ   अंतर   ठिपके
१      ४      ५
२      ३      ६
३      २      ७
४      १      ८
५      ०      ९
६      १      ८
७      २      ७
८      ३      ६
९      ४      ५
```

अंतर आणि ठिपके यांची बेरीज नऊच्या नऊ ओळींत ९. वाढणं-घटणं सगळं अंतराने गिळलं. पायथनमध्ये 'अ‍ॅब्स' हे फंक्शन वजाचं चिन्ह काढून टाकतं, म्हणून अंतर = अ‍ॅब्स(ओळ − ५). खालच्या कोडमधला // म्हणजे उत्तर पूर्णांक ठेवणारा भागाकार.

```
मोठी = ९
मध्य = (मोठी + १) // २
फॉर ओळ इन रेंज(१, मोठी + १):
    अंतर = अ‍ॅब्स(ओळ - मध्य)
    फॉर जागा इन रेंज(अंतर):
        प्रिंट(" ", एंड="")
    फॉर ठिपका इन रेंज(मोठी - अंतर):
        प्रिंट("* ", एंड="")
    प्रिंट()
```

```
    * * * * *
   * * * * * *
  * * * * * * *
 * * * * * * * *
* * * * * * * * *
 * * * * * * * *
  * * * * * * *
   * * * * * * *
    * * * * *
```

थांबा. आठवी ओळ मोजा. सहा हवेत, वर सात आहेत. ही ओळ मी मुद्दाम हाताने बिघडवली आहे. तुमच्या स्क्रीनवर ती बरोबर येईल, पण इथे नुसती नजर फिरवली असती तर सुटली असती. छापलेली आकृती 'दिसायला ठीक' असून भागत नाही, तक्त्याशी ताडून मोजायची. ९ ते ५ च्या रांगोळीत एकूण ६१ ठिपके भरतात.

इथे दोन बारकावे आहेत. रेंजला एकच आकडा दिला की तो शून्यापासून मोजतो आणि तितक्याच फेऱ्या मारतो. '+ १'ची कटकट नाही. मोजदाद नुसती 'किती वेळा' एवढीच असेल तेव्हा हेच रूप बरं. दुसरं, ठिपक्यांचं चिन्ह "* " असं दोन घरांचं आहे आणि ओळ सरकते एका घराने, म्हणजे अर्ध्या अंतराने. ठिपके दोन ठिपक्यांच्या मधोमध बसतात ते त्यामुळेच. तारा नुसता "*" ठेवलात तर ओळी एका बाजूला कलंडतील.

आता 'मोठी'ला १५ करा. १५ ते ८ तयार, १६९ ठिपक्यांची. बाकी एकही ओळ बदलायची नाही.

## व्हेरिएबल कुठे ठेवायचं

तारे झाले की आकडे. तोच त्रिकोण, "*" च्या जागी 'ओळ' छापली तर १, २२, ३३३ असं येतं. आतल्या लूपचं व्हेरिएबल छापलं तर १, १२, १२३. यात अडखळण्यासारखं फार नाही, दोन्ही करून पाहा आणि पुढे चला.

खरी मजा मोजणी ओळीओळींतून पुढे न्यायची असते तेव्हा. रॉबर्ट फ्लॉइड या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण असा:

```
१
२ ३
४ ५ ६
७ ८ ९ १०
```

```
अंक = १
फॉर ओळ इन रेंज(१, ५):
    फॉर घर इन रेंज(ओळ):
        प्रिंट(अंक, एंड=" ")
        अंक = अंक + १
    प्रिंट()
```

'अंक = १' दोन्ही लूपच्या बाहेर आहे. तो बाहेरच्या लूपच्या आत ढकलला की प्रत्येक ओळ पुन्हा १ पासून सुरू होते. आतल्या लूपमध्ये ढकलला तर सगळीकडे १. एकच ओळ, तीन जागा, तीन वेगळ्या आकृत्या. तिन्ही करून पाहा.

आता याच्या उलट उदाहरण, जिथे व्हेरिएबल बाहेरच्या लूपच्या आतच हवं:

```
फॉर ओळ इन रेंज(६):
    मूल्य = १
    फॉर घर इन रेंज(ओळ + १):
        प्रिंट(मूल्य, एंड=" ")
        मूल्य = मूल्य * (ओळ - घर) // (घर + १)
    प्रिंट()
```

```
१
१ १
१ २ १
१ ३ ३ १
१ ४ ६ ४ १
१ ५ १० १० ५ १
```

पाठ्यपुस्तकात याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. पास्कलचा त्यावरचा ग्रंथ १६६५ मध्ये छापून आला. पण दहाव्या शतकातल्या हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिताना हीच मांडणी सांगितली आहे, मेरुप्रस्तार या नावाने. त्याला प्रश्न वृत्तांचा पडला होता. चार अक्षरांच्या चरणात एकही गुरू नसेल असा प्रकार १, एक गुरू असेल असे ४, दोन असतील असे ६, तीनचे ४, चारही गुरू १. पाचवी ओळ वाचा. शाळेत वृत्तांचे लघु-गुरू मोजताना ज्यांना कंटाळा आला, त्यांनी हा प्रोग्रॅम जरूर चालवावा.

प्रत्येक ओळ १ ने सुरू होते, म्हणून 'मूल्य = १' बाहेरच्या लूपच्या आत आणि आतल्या लूपच्या आधी. आणि // हा भागाकार पूर्णांक ठेवतो. एकच / दिलात तर आकड्यांमागे .० चिकटून येईल.

## क ते म

आपली वर्णमालाच मुळी लूपच्या आत लूप आहे. बाहेरचा लूप उच्चाराच्या स्थानाचा: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. आतला उच्चाराच्या रीतीचा: क ख ग घ ङ. पाच गुणिले पाच. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा क्रमांक असतो. क चा २३२५. पायथनचं 'सी-एच-आर' फंक्शन क्रमांक घेऊन अक्षर देतं.

```
फॉर वर्ग इन रेंज(५):
    फॉर स्थान इन रेंज(५):
        प्रिंट(सीएचआर(२३२५ + वर्ग * ५ + स्थान), एंड=" ")
    प्रिंट()
```

पहिल्या चार ओळी चोख येतात. पाचवीत मात्र प फ ब भ म ऐवजी ऩ प फ ब भ. नुक्ता दिलेला हा ऩ कुठून आला? देवनागरी फक्त मराठी-हिंदीसाठी नाही. द्राविडी भाषांमधला एक वेगळा न लिहिण्यासाठी हे अक्षर युनिकोडमध्ये न च्या लगेच पुढे, २३४५ क्रमांकावर बसवलंय. म्हणून प एका घराने पुढे गेला आणि म बाहेर पडला. लूपची चूक नाही, आपण धरलेलं गृहीत चुकलं. दुरुस्ती तुम्हीच करा: वर्ग ४ असेल तर क्रमांकात १ मिळवायचा.

एक इशारा. देवनागरी अक्षरांनी पिरॅमिड काढायला जाल तर रेषा वाकड्या येतील, कारण बहुतेक फॉन्टमध्ये आपली अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. शिवाय 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथन त्याची लांबी ४ सांगतो: क, हलन्त, ष, वेलांटी. आकृत्यांसाठी तारा बरा.

## पोकळ आकृत्या

इथे आतल्या लूपमध्ये अट येते. पोकळ चौकोनात लूप प्रत्येक घरात जातोच, फक्त प्रत्येक ठिकाणी विचारतो, 'मी काठावर आहे का?'

```
फॉर ओळ इन रेंज(१, ६):
    फॉर घर इन रेंज(१, ६):
        इफ ओळ == १ ऑर ओळ == ५ ऑर घर == १ ऑर घर == ५:
            प्रिंट("*", एंड="")
        एल्स:
            प्रिंट(" ", एंड="")
    प्रिंट()
```

एल्स विसरलात तर मधल्या ओळींचे दोन तारे एकमेकांना चिकटतात आणि चौकोनाचं पोट आत जातं. == च्या जागी एकच = दिलंत तर पायथन चालूच होत नाही. बरंच आहे ते. सी भाषेत तो पुष्कळदा चालतो आणि चुकीचं छापतो.

## सी शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द

सी, सी++ किंवा जावात बाहेरच्या लूपला आय आणि आतल्याला जे म्हणायची रूढी आहे. फोरट्रान या जुन्या भाषेत आय ते एन या सहा अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरली जात. त्या सवयीचा या रूढीत मोठा वाटा आहे. तुम्ही ओळ-घर म्हणा नाहीतर रो-कॉल म्हणा, पण दोन्ही लूपना एकच नाव देऊ नका. सी मध्ये ४ ओळी आणि ६ ताऱ्यांच्या आयतात दोन्हीकडे आय ठेवला तर पहिल्या ओळीनंतर आय ७ झालेला असतो, बाहेरच्या लूपला वाटतं काम संपलं, आणि एकच ओळ छापून प्रोग्रॅम थांबतो. हेच ६ ओळी आणि ४ ताऱ्यांचं केलंत तर तो थांबतच नाही, कारण आतला लूप आयला पुन्हा पुन्हा मागे ओढतो.

त्याहून नेहमीची चूक म्हणजे आतल्या लूपमध्ये जे++ ऐवजी आय++. कॉपी-पेस्टची देणगी. जे जागचा हलत नाही आणि तारे धबधब्यासारखे वाहतात. घाबरू नका, कंट्रोल आणि सी दाबा.

हे सगळं तारे छापण्यापुरतंच का, असं कुणी विचारलं तर मोबाईलमधला फोटो दाखवा. १९२० गुणिले १०८० चा फोटो म्हणजे २०,७३,६०० ठिपके. तो काळा-पांढरा करणाऱ्या अगदी साध्या प्रोग्रॅममध्ये बाहेर ओळींचा लूप असतो, आत घरांचा.

## सरावाला

पहिल्या दिवशी आयत, दोन त्रिकोण आणि स्लिपवरचा तो उलटा. प्रत्येकाचा तक्ता वहीत. दुसऱ्या दिवशी पिरॅमिड, मग उलटा पिरॅमिड. कोड उघडण्याआधी स्वतःलाच विचारा, चौथ्या ओळीत किती स्पेस, किती तारे. उत्तर न अडखळता आलं तरच टाइप करायला बसा. अडकलात तर ड्राय रन: वहीत ओळ आणि घर असे दोन रकाने करून दोन फेऱ्या हाताने चालवा. दोनच, पाचही नकोत. चूक बहुधा पहिल्या दोनांतच सापडते.

आणि हे जमलं की ९ ते ५ ची रांगोळी पुन्हा घ्या, पण या वेळी फक्त कडेचे ठिपके ठेवा, आतले सगळे पुसून टाका. पुसलेल्या ठिपक्याच्या जागी किती स्पेस लागतील याचा आधी विचार करा, एक नाही. छापून झाल्यावर मोजा. २४ भरले पाहिजेत.